घरात दोघंच होती, मग तिसरं कोण?

१. पारावरचा प्रश्न

"घरात नवरा-बायको दोघंच. दाराला आतून कडी. पहाटे नवरा ओरडत बाहेर आला, बायको उठत नाही म्हणून. मग दुसरं कोण करणार?"

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावात किंवा आसपासच्या एखाद्या शेतातल्या आखाड्यावर असा मृत्यू झाला, की दुपार व्हायच्या आत हा प्रश्न पारावर, हॉटेलात, ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात ऐकू येतो. नवरा गेला आणि बायको उरली तर प्रश्न तोच राहतो, फक्त आवाज खाली येतो आणि सोबत तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते.

हा प्रश्न काही खुळचट नाही. चार भिंतींच्या आत, रात्री, दोनच माणसं असताना एक गेलं तर उरलेल्याला विचारायचं नाही तर कुणाला? न्यायालयंही त्यालाच विचारतात. घोळ होतो तो क्रमात. गाव "कुणी केलं?" इथून सुरुवात करतं. कायद्याला त्याआधी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. मृत्यू कशाने झाला ही पहिली, आणि तो दुसऱ्याच्या हातून झाला की नाही ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय जोडीदाराकडे बोट दाखवता येत नाही. या प्रकरणात आपण याच क्रमाने जाऊ, आणि बोलू ते बहुतेक महाराष्ट्रातल्याच खटल्यांबद्दल. या विषयावर देशभरातल्या न्यायालयांत आजही ज्यांचा आधार घेतला जातो असे दोन निकाल आपल्याच भागाशी जोडलेले आहेत. एक नांदेडचा आणि दुसरा बीडच्या लेकीचा.

२. अंगावरच्या खुणा काय सांगतात

खबर पोलीस ठाण्यात पोचली की आधी "अकस्मात मृत्यू" म्हणून नोंद होते. बोलताना सगळे तिला "एडी" म्हणतात. ही नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. मग पोलीस पंचांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी जातो, कधी गावच्या ग्रामीण रुग्णालयात, कधी लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा मृत्यू झाला असेल आणि तो संशयास्पद असेल, तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. आपल्याकडे हे काम बहुधा तहसीलदारांकडे येतं.

याच वेळी नातेवाईक मृतदेह पाहतात, आणि गैरसमजांची सुरुवात इथेच होते.

पाठीवर, मांड्यांच्या मागच्या बाजूला जांभळे-निळसर पट्टे दिसतात. माहेरची माणसं म्हणतात, "बघा, काठीनं मारलंय." खरं म्हणजे हृदय थांबलं की रक्त फिरायचं थांबतं आणि अंगाच्या खालच्या भागात साचतं. उताणं पडलेल्या प्रत्येक मृतदेहाच्या पाठीवर काही तासांत असे डाग येतात. जिथे अंग जमिनीला टेकून दबलेलं असतं, तिथली कातडी मात्र फिकट राहते. मुका मार आणि हे डाग यांतला फरक डॉक्टर तिथे छेद घेऊन पाहतात. माराच्या जागी रक्त पेशींच्या जाळीत मुरलेलं असतं, नुसत्या साचलेल्या रक्ताचं तसं होत नाही.

तोंडाला फेस आला की "विष दिलं" ठरतं. फेस कीटकनाशकाने येतो हे खरं आहे. पण तो अपस्मारात येतो, हृदय कमकुवत होऊन फुप्फुसांत पाणी भरलं तरी येतो, साप चावून श्वासाचे स्नायू लुळे पडले तरीही येऊ शकतो. एकटा फेस काहीच सिद्ध करत नाही.

गळ्याभोवतीची खूण अधिक बोलकी असते. माणूस स्वतःला टांगून घेतो तेव्हा दोरीचा वळ सहसा गळ्याच्या वरच्या भागात, जबड्याजवळ असतो. तो तिरका जातो आणि गाठीच्या बाजूला तुटतो. दुसऱ्याने दोरीने आवळलं तर वळ बहुधा खाली, आडवा आणि सगळीकडून फिरलेला दिसतो. हातांनी दाबलं तर बोटांचे, नखांचे ठसे सापडू शकतात आणि गळ्याच्या आतल्या स्नायूंत रक्त साकळलेलं दिसतं. इथे "सहसा" आणि "बहुधा" हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत. न्यायालयात उलटतपासणी याच दोन शब्दांभोवती फिरते.

हे सगळं पाहूनही कारण उमगलं नाही तर डॉक्टर "व्हिसेरा राखून ठेवला" असं लिहितात. जठर आणि त्यातलं अन्न, यकृताचा व मूत्रपिंडांचा भाग, रक्त हे सगळं बरण्यांत घालून सीलबंद करतात. अवयव मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. मग ते न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात. तिथून येतो तो "सीए रिपोर्ट", म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. तो यायला महिने लागू शकतात, आणि गाव तोवर निकाल देऊन मोकळं झालेलं असतं.

सीए रिपोर्टात विष सापडलं तरी काम संपत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांना कुणी काही पाजलं नव्हतं. विष श्वासातून, कातडीतून अंगात गेलं होतं. शेतकरी घरात कीटकनाशक असणं आणि शेतकऱ्याच्या अंगात ते सापडणं यावरून बायकोने चहातून दिलं असा निष्कर्ष काढता येत नाही. रिपोर्ट "काय" ते सांगतो. "कसं" आणि "कुणी" हे दुसरीकडून शोधावं लागतं.

३. "साप चावला" असं सांगितलं तेव्हा

१९९६ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक विवाहिता सासरी मरण पावली. माहेरी निरोप गेला, साप चावून गेली. वडील आले, त्यांनी लेकीला पाहिलं आणि त्यांचा निरोपावर विश्वास बसेना. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण निघालं, गळा दाबल्याने गुदमरणं. पैशांसाठी छळ होत असल्याचा पुरावाही आला. खटला त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये पतीची खुनाची शिक्षा कायम झाली.

"साप चावला" हे ऐकून शहरी वाचक हसेल, की काय बहाणा आहे! मराठवाड्यातला माणूस हसणार नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं अनेकदा कळतही नाही. सूज नाही, फारशी आग नाही, दाताच्या खुणा इतक्या बारीक की नजरेतून सुटतात. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबतो. घोणशीचं याच्या उलट असतं. तिच्या चाव्याने अंग सुजतं, रक्त वाहतं, डॉक्टरला चटकन कळतं. म्हणून मण्यारीने गेलेल्या बाईच्या नवऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं. त्यात भर म्हणजे व्हिसेऱ्याच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचं विष सहसा सापडत नाही, कारण ते प्रथिनांचं बनलेलं असतं आणि तपासणी रसायनांची असते. "विष आढळले नाही" या शेऱ्याने साप खोटा ठरत नाही.

नांदेडच्या खटल्यात सापाची गोष्ट पडली ती वेगळ्या कारणाने. डॉक्टरांनी मृत्यूचं दुसरं आणि ठोस कारण दाखवलं होतं. गळा दाबला जाणं हे सापाचं काम नव्हे. ते माणसाचंच काम, आणि ते घरात झालं होतं. आपल्या दोन्ही पायऱ्या इथे पक्क्या झाल्या. त्यानंतरच न्यायालयाने घरातल्या माणसाकडे वळून विचारलं की हे कसं घडलं ते सांग. उत्तर मिळालं ते खोटं निघालं, आणि त्या खोटेपणाला वजन आलं.

या निकालाने एक गोष्ट स्पष्ट केली. घराच्या आडोशाला घडलेल्या गुन्ह्यात साक्षीदार मिळणं जवळपास अशक्य असतं. करणारा स्वतःच वेळ आणि जागा निवडतो. अशा वेळी सरकार पक्षाकडून रस्त्यावरच्या खुनाइतका पुरावा मागितला तर घरातला प्रत्येक खून पचेल. म्हणून सरकार पक्षाचं ओझं इथे काहीसं हलकं होतं आणि घरातल्यांना नुसतं गप्प बसून सुटता येत नाही.

४. "त्यालाच माहीत" या कलमाची गोष्ट

हे ओझं हलकं करणारं कलम जुन्या भारतीय पुरावा कायद्यात १०६ वं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १०९ वं आहे. आशय तोच आहे. एखादी बाब विशेष करून एकाच माणसाला माहीत असेल, तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. कायद्याने दिलेलं उदाहरण साधं आहे. रेल्वेतून विनातिकीट प्रवास केल्याचा आरोप असेल, तर तिकीट होतं हे प्रवाशाने दाखवायचं.

मग खुनाच्या आरोपीलाही म्हणता येईल का, की तू केलास की नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे, तेव्हा तूच सिद्ध कर? हा फास १९५६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तोडला. गंमत अशी की तो खटला खुनाचा नव्हताच. अजमेरच्या शंभूनाथ मेहरा नावाच्या कारकुनावर खोटी प्रवासबिलं काढल्याचा आरोप होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं त्याचा आशय असा की, कलमाचा असा अर्थ लावला तर प्रत्येक खून खटल्यात आरोपीनेच आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करावं लागेल, आणि कायद्याला ते मुळीच अभिप्रेत नाही.

लातूरच्या अडतीवर तूर विकणाऱ्याला हे लगेच कळेल. पोतं आधी काट्यावर चढतं, वजन लागतं. ओल किती, माती किती, कटती किती काढायची हे बोलणं नंतरचं. काट्यावर पोतंच नसेल तर कटतीचा हिशोब कशातून करणार? सरकार पक्षाने आधी आपलं पोतं ठेवायचं. मृत्यू दुसऱ्याच्या हातून झाला, तो त्या घरात झाला, आणि त्या वेळी आरोपी तिथे होता, एवढं तरी त्यात हवं. मग आरोपीला "आता तुझं सांग" म्हणता येतं. त्याचं स्पष्टीकरणही काटेकोर सिद्ध व्हावं लागत नाही. ते पटण्यासारखं असलं तरी पुरतं.

५. बीडची लेक, पुण्याचं घर

दुसरा खटला शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. फेब्रुवारी १९८२ मध्ये बीडच्या मुलीचं पुण्यातल्या एका रसायन अभियंत्याशी लग्न झालं. चार महिन्यांनी, ११ जूनच्या रात्री, ती पुण्याच्या घरात मरण पावली. कारण सायनाइड. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत संसारातलं दुःख होतं, नवऱ्याबद्दलची भीती होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

नवविवाहिता, सायनाइड, रसायनांतला नवरा, भीतीची पत्रं. पारावर बसलेल्या कुणालाही याहून जास्त काही लागणार नाही. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडलं.

का? मृत्यू विषाने झाला हे नक्की होतं, पण ते तिने स्वतः घेतलं की कुणी दिलं हे नक्की नव्हतं. पत्रं न्यायालयाने पुराव्यात घेतली. मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूला कारणीभूत परिस्थितीविषयी लिहिलेलं ग्राह्य धरता येतं, हा या निकालाचा मोठा भाग आहे. पण तीच पत्रं दुधारी निघाली. इतकं दुःख सोसणारी मुलगी जीव देऊ शकते, हाही अर्थ त्यांतून निघत होता. विषप्रयोगाच्या खटल्यात न्यायालयाने चार गोष्टी मागितल्या. हेतू, विषानेच झालेला मृत्यू, आरोपीकडे ते विष असणं, आणि ते देण्याची संधी. पतीकडे सायनाइड होतं याचा पुरावा आला नाही.

याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची ती प्रसिद्ध पाच सूत्रं आहेत. न्यायालयाने त्यांना "पंचशील" म्हटलं. त्यांचा सगळा रोख असा आहे की प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध झालेली असावी, आणि सगळ्यांनी मिळून दोषाखेरीज दुसरी कुठलीही वाजवी शक्यता उरू देऊ नये. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायालयाने हे आधीच बजावलं होतं. "केलं असेल" आणि "केलंच आहे" यांच्यात लांबचं अंतर आहे, आणि शिक्षा फक्त "केलंच आहे" यावर देता येते.

मला विचाराल तर हा निकाल वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. त्या मुलीच्या दुःखाचं पुढे काय, याचं उत्तर त्यात नाही. तरीही तर्क म्हणून तो मला नांदेडच्या निकालाइतकाच बरोबर वाटतो. दोन्हीकडे क्रम एकच आहे. नांदेडला "दुसऱ्याच्या हातून" ही पायरी डॉक्टरांनी पक्की केली. पुण्याच्या प्रकरणात ती पायरीच डळमळीत होती.

६. खोटं बोलला, म्हणजे केलंच?

समजा, आखाड्यावर राहणाऱ्या जोडप्यातली बायको सकाळी मेलेली आढळली. नवरा पोलिसांना म्हणाला, "मी रात्री पाणी द्यायला रानात होतो." नंतर कळलं की त्या रात्री वीजच नव्हती, मोटार चाललीच नाही. नवरा खोटं बोलला.

आता दोन शक्यता घेऊ. पहिलीत शवविच्छेदनात गळा हातांनी दाबल्याच्या आतल्या-बाहेरच्या खुणा सापडल्या आणि शेजाऱ्याने त्याला रात्री दहाला घरात शिरताना पाहिलं. इथे त्याचं खोटं बोलणं साखळीतली आणखी एक कडी होतं. दुसरीत डॉक्टरांनी "मृत्यूचे निश्चित कारण सांगता येत नाही" असं लिहिलं आणि सीए रिपोर्टही कोरा आला. खोटं तेच, माणूस तोच. पण इथे ते कशालाच जोडता येत नाही. कदाचित तो रात्री पत्ते खेळायला गेला असेल आणि सांगायची लाज वाटली असेल. सारडा निकाल हेच सांगतो. खोटं स्पष्टीकरण तयार साखळी बळकट करतं, तुटलेली जोडत नाही.

मार्च २०२१ मधला शिवाजी चिंतप्पा पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल याच दुसऱ्या गटातला. पत्नीचा घरात मृत्यू, पतीला खालच्या दोन्ही न्यायालयांत जन्मठेप. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की वैद्यकीय पुराव्यातून आत्महत्येची शक्यता पुसली जात नाही. मग १०६ व्या कलमाकडे वळायचं कारणच उरलं नाही, आणि पती सुटला.

उलट टोकाला पुण्याच्या डॉ. अनंत लागूंवरचा, १९५६ मधल्या मृत्यूचा खटला आहे. तिथे मेलेली बाई पत्नी नव्हती, रुग्ण होती. मृतदेहात विष सापडलंच नाही, तरी फाशी कायम राहिली. मृत्यू लपवणं, तिच्या नावाने खोटी पत्रं धाडणं, तिची मालमत्ता गिळणं यांची साखळी इतकी घट्ट होती की दुसरं स्पष्टीकरण उरलं नाही. ज्यांना वाटतं "विष सापडलं नाही म्हणजे सुटलाच", त्यांनी हा खटला लक्षात ठेवावा. "रडला नाही", "मातीची घाई केली" असल्या गोष्टी मात्र या तोडीच्या नव्हेत. धक्का बसलेली माणसं रडत नाहीत हे आपण घराघरांत पाहिलं आहे.

७. सात वर्षांची रेघ

एका बाबतीत कायदा स्वतःच संशयाच्या बाजूने झुकतो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा मृत्यू भाजून, शारीरिक इजेने किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या परिस्थितीत झाला, आणि मृत्यूच्या नजीकच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं सिद्ध झालं, तर न्यायालय हुंडाबळी गृहीत धरतं. मग आरोपीने ते खोडायचं. जुन्या दंड संहितेतलं हे ३०४-ब कलम, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८०. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. इथेही नातेवाइकांनी "छळ होत होता" एवढं म्हणून भागत नाही. तो हुंड्यासाठी होता आणि मृत्यूच्या जवळच्या काळात होता, ही दोन्ही टोकं लागतात. नवरा मेला तर हे गृहीतक लागू होत नाही. "त्यालाच माहीत" हे कलम मात्र बायकोलाही तितकंच लागतं.

८. पहिल्या दिवसाची कामं

वर्षानुवर्षं चालणाऱ्या खटल्यातला निम्मा निकाल पहिल्या चोवीस तासांत ठरतो, आणि तो बहुतेक वेळा खेड्यातल्या पंचांच्या आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हाती असतो. म्हणून संशय आला असेल त्याने आणि ज्याच्यावर आला आहे त्यानेही शवविच्छेदन टाळू नये. "आता कशाला चिरफाड" असं म्हणून निर्दोष माणूसच आपला सगळ्यात मोठा पुरावा जाळून टाकतो. सापाचा संशय असेल तर तसं डॉक्टरला आधी सांगावं, म्हणजे तो हातपाय, बोटांच्या बेचक्या बारकाईने पाहील. अंथरूण झटकू नये, भांडी घासू नयेत, दोरी कापली तरी गाठ सोडू नये.

अंत्यविधी होऊन गेला असेल तर फरक पडतो तो दहनाचा की दफनाचा. लातूर भागात लिंगायत आणि मुस्लिम समाजात दफन होतं. तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह बाहेर काढून तपासणी करता येते आणि त्याला कायद्याने मुदतीची अट घातलेली नाही. हाडांवरच्या इजा आणि काही धातूंची विषं बऱ्याच काळानंतरही सापडू शकतात, मऊ अवयवांतली अनेक विषं सापडत नाहीत. दहन झालं असेल तर पंचनामा, फोटो आणि साक्षी एवढंच हाती राहतं.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे जावं, पोच घ्यावी. तिथेही दखल घेतली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. त्या अर्जात "नवऱ्यानेच मारलं" या वाक्यापेक्षा किती वाजता काय दिसलं, कुणाला फोन आला, तो कुणी केला आणि निरोप नेमका काय होता, हे तारीखवार लिहिलेलं जास्त कामाला येतं. नांदेडच्या खटल्यात साप चावल्याचा निरोप वडिलांच्या साक्षीतून न्यायालयापुढे आला होता.